नवस फिटला, दिवस पालटले. आता नेम कसा टिकवावा?

सांजवात :

रामकृष्ण हरी. जाणकारांना एक विचारायचं आहे.

घरात दुखणं आलं, कर्ज डोक्यावर बसलं, कोर्टकचेरी मागे लागली की माणसं देवघरापुढे बसतात. हरिपाठ सुरू होतो, एकादशी धरली जाते, हातात माळ येते. मग दिवस पालटतात. औषधं बंद होतात, हप्ते फिटतात, मुलाला नोकरी लागते, नवं घर होतं. आणि वर्ष उलटायच्या आत हरिपाठाची पोथी कपाटात, माळ पिशवीत, एकादशी फक्त कॅलेंडरवर. मुद्दाम कुणी सोडत नाही. आज पाहुणे, उद्या प्रवास, परवा उशीर, असं करत सुटतं.

पुढच्या एकादशीला भजन झाल्यावर आमच्या मंडळात याच विषयावर बोलायचं ठरलं आहे. 'देवाला विसरू नये' हे सगळ्यांनाच माहीत आहे, त्याच्या पुढचं हवं आहे. सुखाच्या दिवसांत रोजचा नेम नेमका किती असावा? तो कुठे आणि का मोडतो? मोडल्यावर पुन्हा धरताना मागची बाकी भरून काढायची का? आणि एक शंका बायकांच्या बोलण्यात नेहमी निघते, की फक्त संकटात केलेलं स्मरण कमी प्रतीचं असतं का? त्या शंकेपायी काहीजणी पुन्हा बसायलाच लाजतात. मला ते फार लागतं.

वाळवंट :

माऊली, आधी नवस आणि नेम वेगळे करा. निम्मा गुंता तिथेच आहे.

नवसाला शेवट असतो. अमुक झालं की तमुक करीन, असं बोलायचं. झालं की फेडायचं आणि मोकळं व्हायचं. नेमाला शेवटाची तारीखच नसते. वारी हा शब्दच बघा. वारी म्हणजे येरझार, पुन्हा पुन्हा जाणं. एकदा जाऊन आलं तर ती यात्रा झाली. काम झालं म्हणून वारी बंद केली, असं वारकरी म्हणत नाही, कारण कामासाठी ती धरलेलीच नसते. संकटात आपण जे धरतो ते बाहेरून नेमासारखं दिसतं, पण आतून नवस असतो. मनानं न बोलता करार केलेला असतो. काम झालं की मनच तो हिशेब मिटवून टाकतं आणि आपल्याला वाटतं, आळस झाला.

म्हणून दिवस पालटले की पहिलं काम हे करा: जे बोललं होतं ते फेडून टाका, आणि त्यानंतरच्या एकादशीला देवापुढे बसून नेम नव्यानं घ्या. तोंडानं उच्चारून घ्या. 'आजपासून रोज एवढं, काही न मागता.' जुनाच चालू ठेवू म्हटलं की तो घसरतो, कारण त्याचं कारण संपलेलं असतं.

दुसरी गोष्ट मापाची. 'रामकृष्णहरी' ही सहा अक्षरं. सावकाश, स्पष्ट म्हटली तर दोन सेकंद लागतात. 108 मण्यांची एक माळ साडेतीन-चार मिनिटांत होते. अकरा माळा म्हणजे चाळीस मिनिटं. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे 27 अभंग नुसते वाचले तर पंधरा-वीस मिनिटं, टाळावर चालीत म्हटले तर पाऊण तासापर्यंत जातात. म्हणजे अकरा माळा आणि चालीतला हरिपाठ धरला तर दीड तासाच्या घरात गेलं. हा दीड तास संकटात मिळतो, कारण तेव्हा माणूस थांबलेला असतो. दवाखान्याच्या बाकावर, कचेरीच्या व्हरांड्यात, रात्री झोप न लागता. चांगले दिवस आले की तो थांबलेला वेळच नाहीसा होतो. भक्ती आटली असं त्यात काही नसतं. दीड तासाचा नेम अर्ध्या तासाच्या दिवसात मावत नाही आणि मग अर्धा न मोडता सगळाच मोडतो.

माझं स्पष्ट मत असं, की सुखाच्या दिवसांचा नेम वीस-पंचवीस मिनिटांचा ठेवावा: हरिपाठ पूर्ण, पण वाचून, आणि एक माळ. चालीतला टाळाचा हरिपाठ एकादशीला आणि गुरुवारी. हरिपाठाचे तुकडे रोज करू नयेत. तुकड्यांचा हिशेब ठेवावा लागतो आणि हिशेब आला की चुकारपणा येतो. अगदीच अडलेल्या दिवशी, प्रवासात, रात्रपाळीत, किमान नेम म्हणून पहिला अभंग आणि एक माळ. त्या पहिल्याच अभंगात देवाच्या दारी 'क्षणभरी' उभं राहायला सांगितलं आहे, तेव्हा पाच मिनिटांची लाज बाळगू नका. पण किमान नेम कुठला हे आधी ठरलेलं हवं. त्या दिवशी बसून ठरवायला गेलं तर माणूस शून्यावर येतो.

तिसरी गोष्ट खुंटीची. नेम घड्याळाला बांधू नये, कृतीला बांधावा. 'साडेसात वाजता' हे फार दिवस चालत नाही, 'दिवा लावला की' हे चालतं. जुन्या घरांत हरिपाठ झाल्याशिवाय ताटं वाढत नसत. त्यात कडकपणापेक्षा सोय होती. भूक हीच घंटा. आता घरातले चौघं चार वेळांना जेवतात, तिथे रात्रीची खुंटी टिकत नाही. त्यांनी सकाळची धरावी: आंघोळ झाली, कपाळाला बुक्का लावला, तिथेच आसन. बुक्का लावायला देवघरापुढे जावंच लागतं, मग दोन पावलं कमी पडत नाहीत.

आता नव्या घराबद्दल सांगतो, कारण नेम सर्वांत जास्त मोडतो तो इथे. जुन्या दोन खोल्यांत देव कोनाड्यात, समोर सगळं घर. नव्या फ्लॅटमध्ये देव स्वयंपाकघरातल्या कपाटात जातात, वरच्या फळीवर, दाराआड. उभ्यानं नमस्कार होतो, बसता येत नाही. बसता आलं नाही की पाच मिनिटांच्या वर कुणी थांबत नाही. देवघर करून घेताना सुतारासमोर पाट मांडून मांडी घालून बसा आणि त्या बैठकीतून निरांजनाला हात पोचतो का ते बघा. पुढे दोन माणसं शेजारी बसतील एवढी, साधारण चार फूट रुंद जागा रिकामी राहू द्या. पोथी उघड्या रेहलवर, म्हणजे पोथी ठेवायच्या लाकडी घडीवर, ठेवा. टाळ खणात ठेवू नका, डोळ्यांसमोर खुंटीला टांगा. दिसणारा टाळ वाजतो.

मोडल्यावर काय? बाकी भरायची नाही. काल राहिला म्हणून आज दोन हरिपाठ, परवाचा धरून तीन, असं केलं की चौथ्या दिवशी माणूस पोथीकडे बघतच नाही. ज्या दिवशी आठवलं त्या दिवसाचा करायचा. सुतक आलं, सोयर आलं, बायकांच्या अडचणीचे दिवस आले, तर पूजेचं घरच्या रीतीनं बघा. नामाला सोवळं-ओवळं नाही. दहा दिवसांच्या सुतकात हरिपाठ थांबवला आणि पुढे तो सुरूच झाला नाही, हे फार घरांत घडतं. उलट त्याच दहा दिवसांत तो म्हणावा.

सांजवात :

फार उपयोगी. देवघराच्या उंचीचा मुद्दा तर कधी डोक्यातच आला नव्हता. एकादशीचंही सांगाल का? आणि जपमाळ कशी ओढावी यावर मंडळात दोन मतं आहेत.

वाळवंट :

जपमाळेचं थोडक्यात. 108 मणी आणि वर मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडाचा वेगळा मणी. माळ मधल्या बोटावर घ्यायची, अंगठ्यानं मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लावायची नाही. मेरू आला की ओलांडायचा नाही. माळ फिरवून उलट निघायचं. गळ्यातली माळ वेगळी, ती जपाला वापरत नाहीत. गळ्यातली तुळशीची माळ तुटली तर ओवून पुन्हा घातल्याशिवाय निष्ठावंत वारकरी अन्न घेत नाही. म्हणून घरात सुई आणि पक्का दोरा देवघराच्याच खणात असावा. तुटलेली माळ 'उद्या ओवू' म्हणून वाटीत ठेवली की ती वाटीतच राहते.

भगर :

एकादशीवर मी लिहिते.

महिन्याला दोन, वर्षाला 24. अधिक मास असेल त्या वर्षी 26. रीत तीन दिवसांची आहे आणि लोक मधलाच दिवस धरतात, म्हणून ती जड होते. दशमीला एकदाच जेवायचं, रात्री हलकं किंवा नाहीच. एकादशीला उपास. द्वादशीला सकाळी पारणं. दशमीच्या रात्री लग्नाचं जेवण जेवून एकादशीला निर्जळ करायला गेलं तर दुपारी डोकं दुखणारच.

द्वादशीचा पहिला चतुर्थांश हा हरिवासर. त्यात पारणं करत नाहीत. तो संपल्यावर पण द्वादशी संपायच्या आत करायचं. काही वेळा द्वादशी सकाळी लवकर संपते, तेव्हा पंचांगात वेळ बघून ठेवावी लागते. पंचांगात स्मार्त आणि भागवत (वैष्णवांची) अशा दोन एकादश्या लागोपाठ दाखवल्या असतील तर वारकरी भागवत धरतात. दोन्ही धरायच्या नसतात.

आता सुखाच्या दिवसांत एकादशी कशी बिघडते ते सांगते. ती सुटत नाही, ती फुगते. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण उगाच नाही आली. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी रताळ्याच्या गोड फोडी, संध्याकाळी वेफर्स आणि राजगिऱ्याचे लाडू, रात्री भगर-आमटी. स्वयंपाकघरात इतर दिवसांपेक्षा जास्त वेळ जातो आणि नामाला वेळ उरत नाही. उपास हा शब्द उप आणि वास यांचा, जवळ राहणं. पोटाला दिलेली सुटी देवाजवळ बसायला वापरायची आहे. म्हणून एकच पदार्थ, एकच वेळ. चौघांच्या घरात दीड वाटी वरई आणि शेंगदाण्याची आमटी, झालं. साबुदाणा मी तरी टाळा म्हणते. निव्वळ स्टार्च तो, रक्तातली साखर भरभर वर जाते आणि दोन तासांनी पुन्हा भूक लागते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्जळ करूच नये. त्यांनी जेवावं आणि हरिपाठ टाळावर म्हणावा. एकादशी झाली.

पूर्वेचा वारा :

न्यू जर्सीत राहणाऱ्यांची एक अडचण. पुण्याहून कुटुंबाच्या ग्रुपवर 'आज एकादशी' असा निरोप येतो आणि इथलं मंडळ एक दिवस आधी धरतं. घरात वाद होतात. बरोबर कुणाचं?

भगर :

दादा, दोन्ही बरोबर असू शकतात. तिथी जगभर एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते. पण आपण दिवस ठरवतो तो आपापल्या गावच्या सूर्योदयावरून.

उदाहरण घ्या. समजा पुण्यात मंगळवारी सकाळी नऊला एकादशी लागली आणि बुधवारी सकाळी आठपर्यंत आहे. मंगळवारच्या सूर्योदयाला पुण्यात दशमी होती, बुधवारच्या सूर्योदयाला एकादशी. म्हणून पुण्यात बुधवार. उन्हाळ्यात न्यू जर्सीचं घड्याळ साडेनऊ तास मागे असतं. तिथे ही एकादशी सोमवारी रात्री साडेअकराला लागली आणि मंगळवारी रात्री साडेदहाला संपली. मंगळवारचा सूर्योदय एकादशीत. म्हणून तिथे मंगळवार.

तेव्हा इथलं पंचांग तिथे वापरू नका. पंचांगाच्या ॲपमध्ये गावाचं नाव बदललं आहे का ते बघा, बहुतेक घोळ तिथेच असतो. पारण्याची वेळसुद्धा स्थानिकच घ्यायची. आणि ग्रुपवरचा निरोप आला की वाद न घालता 'रामकृष्ण हरी' लिहा. त्यांची एकादशी आहे, शुभेच्छा द्यायला काय हरकत?

पोथी उघडी :

शेवटच्या शंकेवर कुणी बोललं नाही, आणि मला वाटतं तीच सर्वांत महत्त्वाची आहे. संकटात केलेलं स्मरण कमी प्रतीचं का?

गीतेच्या सातव्या अध्यायात सोळाव्या श्लोकात चार प्रकारचे भक्त मोजले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. आर्त म्हणजे पीडेनं हाक मारणारा. त्याचं नाव यादीत पहिलं आहे. ज्ञानी श्रेष्ठ असं पुढे सांगितलं आहे, पण अठराव्या श्लोकात 'हे सगळेच उदार आहेत' असंही भगवंत म्हणतात. तेव्हा संकटात बसली म्हणून कुठल्याही बाईनं लाजू नये. ती दारातून आत आली आहे. आत आल्यावर बसायचं की निघायचं, एवढाच प्रश्न आहे.

भागवतात या विषयाची दोन ठिकाणं आहेत, मंडळात वाचायला दोन्ही घ्या.

एक, पहिल्या स्कंधाचा आठवा अध्याय, कुंतीची स्तुती. तिनं विपत्ती मागितली एवढं सगळ्यांना माहीत असतं. ती केव्हा मागितली याकडे लक्ष जात नाही. लाक्षागृह, वनवास, युद्ध, सगळं मागे पडलं आहे. राज्य मिळालं आहे. उत्तरेच्या पोटातला अंकुर नुकताच ब्रह्मास्त्रातून वाचला आहे. कृष्ण द्वारकेला निघाला आहे. म्हणजे सगळं चांगलं झालं त्या घटकेला ती म्हणते, ती संकटंच बरी होती, तेव्हा तुझं दर्शन होत होतं. लगेच पुढच्या श्लोकात ती कारणही सांगते: कुळ, ऐश्वर्य, विद्या आणि संपत्ती या चार गोष्टींनी माणसाचा मद वाढतो आणि त्याला तुझं नाव घेणं जमत नाही. यादी नीट बघा, त्यात एकही वाईट गोष्ट नाही. चारही आपण मुलांसाठी मागतो. संकट मागा असं मी कुणाला सांगणार नाही. पण ही चार जिथे वाढतील तिथे नेमाकडे जास्त लक्ष द्यावं, एवढं त्यातून घ्यावं.

दुसरं ठिकाण दहाव्या स्कंधातलं, 80 आणि 81 वा अध्याय, सुदाम्याचं चरित्र. मागून आणलेले चार मुठी पोहे फडक्यात बांधून तो द्वारकेला जातो. काही मागत नाही, आणि रिकाम्या हातानं परत निघतो. वाटेत त्याच्या मनात काय येतं? 'या दरिद्र्याला धन मिळालं तर तो माजेल आणि माझी आठवण ठेवणार नाही, म्हणून त्या दयाळानं मला दिलं नसेल.' रिकाम्या हातांचाही त्यानं उपकार मानला. घरी येतो तर झोपडीच्या जागी महाल. आता खरी परीक्षा. आणि भागवत सांगतं, की त्यानं ते ऐश्वर्य टाकून दिलं नाही. बायकोबरोबर भोगलं, पण त्यात गुंतला नाही, आणि जन्मोजन्मी कृष्णाचीच मैत्री मागितली. महालातला सुदामा आपण कीर्तनात फार कमी ऐकतो. पोह्यांवर आख्यान संपतं. मंडळात पुढचा भागही वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण आज आपल्यातल्या पुष्कळांची घरं तिथे आहेत.

भंडारा :

नवसाला वाळवंट यांनी जरा कमी लेखलं असं वाटलं. खंडोबाच्या, भवानीच्या घरांत नवस ही देवाशी असलेली बोली आहे आणि ती पाळणं हेच सुखातलं पहिलं स्मरण. बिघडतं ते फेडायच्या वेळी. भीतीच्या भरात बोललेला नवस ऐपतीपेक्षा मोठा असतो, आणि 'सगळे जमले की करू' म्हणत वर्षानुवर्षं राहतो. म्हणून नवस बोलला त्याच दिवशी कागदावर लिहावा: तिथी, देव, काय बोललं, कुणी बोललं. तो कागद टाकांच्या, म्हणजे कुळातल्या देवांच्या धातूच्या प्रतिमांच्या, डब्यात. बोलणारा माणूस गेला तर मागच्यांना कळायला दुसरा मार्ग नसतो. गोष्ट झाली की येणाऱ्या पहिल्या योग्य दिवशी फेडावा. खंडोबाचा असेल तर रविवार, सोमवती किंवा चंपाषष्ठी. जागरण-गोंधळाची ऐपत नसेल तर तळी भरून क्षमा मागावी आणि पुढे करावं, पण गप्प बसू नये.

आणि सुखात देव आठवावा याची सोय जुन्या माणसांनी कुळाचारात करून ठेवली आहे. कुळाचार मनाच्या हवाल्यावर नसतो, तिथीवर असतो. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत खंडोबाचं नवरात्र. घरात दु:ख असो की सुख, ते येतंच. चंपाषष्ठीला बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत, पातीचा कांदा असा नैवेद्य. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं त्या दिवशी आधी देवाला जातं आणि मग आपल्या ताटात येतं. सुखाचा पहिला घास कुणाचा, हे दरवर्षी एकदा ताटातच दिसतं.

तळी कशी भरतात ते नव्या पिढीसाठी लिहितो, घरोघर थोडा फरक असतो. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याचे तुकडे, वर भंडारा म्हणजे हळद. पाच किंवा सात, विषम संख्येनं पुरुष भोवती बसतात. सगळे मिळून ताम्हन धरतात आणि 'सदानंदाचा येळकोट', 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत तीन वेळा उचलतात. मग भंडारा उधळतात, कपाळाला लावतात, खोबरं वाटतात. दहा मिनिटांचं काम आहे. पण पाच माणसं लागतात, आणि फ्लॅटमध्ये ती नसतात. तेव्हा शेजाऱ्याला बोलवा. शेजारी कुठल्या जातीचा, कुठल्या देवाचा, हे मल्हारीला विचारायचं नाही.

भाऊ वेगळे झाले की टाक थोरल्याकडे राहतात आणि धाकट्याच्या घरी कुळाचार बंद पडतो. भरभराटीत मोडणारी पहिली गोष्ट ही. थोरल्या घरच्या वडीलधाऱ्यांकडून एक पान लिहून घ्या: कुठल्या तिथीला कुठला देव, नैवेद्य काय, किती पानं, कुणाला जेवायला बोलवायचं. नवे टाक करवून घेतले तर ते जेजुरीला नेऊन देवाला भेटवून आणा. आणि चांदीचे टाक पितळेच्या पावडरीनं घासू नका. दोन-तीन पिढ्यांत देवाचा चेहरा पुसला जातो. मऊ फडक्यावर विभूती घेऊन हलक्या हातानं पुसले तरी उजळतात.

वाळवंट :

भंडारा यांचं म्हणणं मान्य. नवस कमी नाही. तो फेडल्यावर हात रिकामे राहू नयेत, एवढंच म्हणायचं होतं.

काळी माती :

वारकऱ्यांच्या पंचांगाकडे शेतकऱ्याच्या डोळ्यांनी बघा, उत्तर तिथेच आहे. आषाढी येते तेव्हा पैसा बी-खतात गेलेला असतो, पेरणी झालेली किंवा पावसावाचून अडलेली असते, कणगी तळाला लागलेली असते. कार्तिकी येते ती दिवाळीच्या पाडव्यापासून अकराव्या दिवशी. तोवर मूग-उडीद विकले गेले, सोयाबीन-बाजरी घरात आली, कापसाची वेचणी चालू. एक वारी ओढगस्तीची, एक सुगीची. आषाढीला मागायला गेलो तर कार्तिकीला सांगायला जायचं, 'पोचलं बरं का.' गर्दी मात्र आषाढीला जास्त असते. ज्यांना वर्षात एकदाच जमतं त्यांनी बऱ्या वर्षी कार्तिकी धरावी, आणि जाताना काही मागू नये.

दुसरं, राशीचं. खळ्यावर रास पडली की आधी तिची पूजा आणि पहिलं माप देवाचं, बलुत्याचं म्हणजे गावच्या कारागिरांचं, दारी येणाऱ्याचं. मग पोती भरायची. कोकणात नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात, त्यातही हेच आहे. पगारदाराला रास नाही, पण पगाराची तारीख आहे. पहिलं माप त्याच दिवशी काढावं, हप्ते जाण्याआधी. बँकेत वेगळं खातं काढून पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप तिकडे जाईल अशी सोय करा. महिन्याअखेरीस उरेल ते देऊ म्हटलं तर उरत नाही.

आणि ठरावीक रक्कम ठरवू नका, हिस्सा ठरवा. पगार 20,000 असताना 200 रुपये म्हणजे शंभरातला एक. पगार 1,20,000 झाला आणि हात 200 वरच राहिला तर तो सहाशेतला एक झाला. माणसाला वाटतं मी नेम मोडला नाही, पण माप सहापट लहान झालेलं असतं. म्हणून दर पाडव्याला, गुढी उभारली की, हिस्सा पुन्हा मोजा.

दिंडीला द्यायचं असेल तर आधी दिंडीचालकांना विचारा काय हवं. पुष्कळदा एकाच मुक्कामावर सगळे केळी वाटतात आणि पुढच्या मुक्कामाला चहा-साखर नसते, पावसात ताडपत्री नसते.

सांजवात :

सगळ्यांचे मनापासून आभार. मंडळात हे सगळं वाचून दाखवते. शेवटचं एकच. घरातली तरुण मुलं बसत नाहीत, त्यांना हरिपाठ जुनाट वाटत नाही पण पाठ नाही म्हणून अवघडतात. त्यांचं काय करावं?

वाळवंट :

पोथी हातात देऊन 27 अभंग एकदम म्हणायला लावू नका. ध्रुपद त्यांच्याकडे द्या आणि अभंग तुम्ही म्हणा. ध्रुपद एकच, दर चरणामागे तेच येतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी तोंडात बसतं आणि मूल बाजूला पडत नाही. रोज एक नवा अभंग त्यांनी म्हणायचा, बाकीचे ऐकायचे. सत्तावीस दिवसांत सगळे ओठांवर येतात. एकादशीपासून सुरू केलं तर पुढच्या त्याच पक्षातल्या एकादशीच्या आत होतात. चूक झाली तर मध्ये थांबवू नका, पुढच्या चरणात तो शब्द तुम्ही ठसठशीत म्हणा.

आणि त्यांच्या हाती टाळ द्या. टाळाची दोरी जुनी असेल तर आधी बदला. आतली गाठ मोठी बांधा, नाहीतर ऐन चालीत टाळ निसटून पायावर पडतो. दोरी दोन बोटांत गुंडाळून, टाळाच्या कडेला बोट न लावता वाजवायला शिकवा. बोट लागलं की नाद बसतो.